काळ्यावर काळं

५ जानेवारी

हसले! सगळेच्या सगळे हसले!

ऋतुराजला अंघोळ घालून आणला, गालाला काजळाची तीट लावायला बोट पुढे केलं, तर सासूबाई म्हणतात, "याला तीट कनाला गो? याला कोन दिष्ट लावनार! आनि लावलीस तरी दिसनार हाय का?" कमलेशच्या मालनआत्या तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. सात महिन्यांचं पोर माझं! तेही बिचारं त्यांच्याकडे बघून हसलं.

माझं बोट तसंच राहिलं. काजळ शेवटी गाउनला पुसलं. थोरली समृद्धी तिथेच खाली चित्र रंगवत बसलेली. पाच वर्षांची पोरगी, तिला काय कळणार — बरंच झालं.

६ जानेवारी

कमलेशला सांगितलं. "अगं कल्पिता, आई मस्करी करते. किती सिरियसली घेतेस!"

मस्करी म्हणे!

९ जानेवारी

बोरन्हाण रविवारी, १९ला. काळं झबलं आणते म्हटलं, तर सासूबाई — "काल्यावर कालं? पिवलं आन."

अहो, गेल्या वर्षी नणंदेच्या गोऱ्यापान लेकाला काळंच झबलं होतं ना? "कालं काय खुलतं!" हेच तोंड म्हणत होतं! म्हणजे वर्षातून एकदा काळा रंग शुभ, तोही गोऱ्यांच्याच वाट्याला? बाकी वर्षभर आहेच — पैसा काळा, धंदे काळे, तोंड काळं कर, जीभ काळी. मघाशी फोनवर बहिणीला शेजारणीबद्दल सांगताना मीच म्हणाले, "मनाची काळी आहे गं ती." आणि जीभ चावली. बहीण हॅलो हॅलो करत राहिली.

माझ्या लेकाला काळंच घालणार. बस्स!

१२ जानेवारी

भांडण. रागात बोलून गेले, "तुम्ही तरी कुठे गोऱ्या आहात, आई?"

तेव्हा त्यांनी सांगितलं — लहानपणापासून मिठागरात उन्हातान्हात राबल्या, रंगावरून दोन ठिकाणी ठरलेलं लग्न मोडलं. मला कधीच माहीत नव्हतं हे! वाईट वाटलं खूप. आणि संतापही आला — ज्या शब्दाने स्वतः एवढ्या पोळल्या, तोच नातवाला?

१९ जानेवारी

काळं झबलंच घातलं!! अंगावर हलव्याचे दागिने, डोक्यावर मुकुट. सगळं बाळकुम गाव घरात लोटलेलं. बोरं, चुरमुरे, गोळ्या डोक्यावरून ओतल्या तर असा खिदळला पोरगा! काळ्यावर पांढरा हलवा काय उठून दिसत होता. सासूबाईंनीसुद्धा मांडीवर घेऊन फोटो काढले. तीट लावायची मात्र घाईत राहूनच गेली.

असो. जिंकले मी!

२० जानेवारी

सकाळी बघते तर ऋतुराजच्या गालावर पांढरा ठिपका. टूथपेस्ट! शेजारी समृद्धी उभी, तिच्याही गालावर तसाच.

"काल सगळे त्याला बघत होते ना आई, दृष्ट लागली असती. काळी तीट आमच्यावर दिसत नाही ना."

आमच्यावर म्हणाली. आमच्यावर!