सावलीत ठेवायचं बी

मांडवगण फराटा, ता. शिरूर
१८ जानेवारी २०२६

चि. मोनाली,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची आमची रीत. या वेळी तो शेवटी लिहीन, जमलं तर.

इकडे ठीक आहे. थंडीनं आमच्या मंडळींचा, साळूबाईचा, गुडघा धरतो. कांदा बरा आहे. दौंडला माझ्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आता लिहिता-वाचता येतं. फोन करणार होतो. पण फोनवर मी अर्धंच बोललो असतो.

मागच्या सोमवारी डोळा दाखवायला दौंडला आलो होतो. दवाखान्याच्या मागे तुझे वडील भेटले. एसीचं पाणी ज्या नळीतून ठिबकतं, तिच्याखाली कॅन लावून पायरीवर बसले होते.

"बबनराव, हे काय?"

"पाणी."

"घरी नळ न्हाई का?"

"नळाच्या पाण्यात क्षार लई. पोरीच्या झाडांची पानं पिवळी पडत्यात. ह्यात क्षार नसतो."

"कसली झाडं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला ठावं हाय कसली."

मी तिथूनच निघून आलो असतो. पण एसटीला तास होता, कॅन वीस लिटरचा होता आणि बबनराव सत्तरीचे आहेत. कॅनच्या कडीत मीही हात घातला. दोघं मधे मधे थांबत रेल्वेच्या वस्तीत तुमच्या घरी आलो.

तू शिरूरला शाळेच्या नोकरीवर गेली होतीस. तुझ्या आई, ताईबाई, दारातच म्हणाल्या, "या आप्पा. मेलेलं बी बघाया आलाव?"

मी चष्मा काढून पुसला. दवाखान्यातला काळा चष्मा होता, पुसून काही फरक पडणार नव्हता.

मग त्यांनी मला घरामागे नेलं. हिरव्या जाळीखाली अकरा झाडं. माझ्या छातीला लागतील एवढी. पानं समोरासमोर, तेल लावल्यासारखी. फांदीला चिकटून फळं, काही हिरवी, काही लाल. बाजूला दुधाच्या पिशव्यांमध्ये नवी रोपं. प्रत्येक पिशवीवर तुझ्या अक्षरातली तारीख.

ताईबाई सांगत होत्या. "चाळीस-चाळीस दिवस काईसुदिक दिसत न्हाई. ही आपली रोज वाकून बघती. मी म्हनायची, अगं, माती हाय, टीव्ही न्हाई. मग एक दिवस देठ वर येतो, डोक्यावर बी घेऊन. घागर घेतल्यागत. तसाच उभा ऱ्हातो पंधरा दिवस. मंग पानं उघडत्यात."

तशी सहा रोपं मी बघितली. बी डोक्यावर घेऊन उभी असलेली. मी गुडघ्यावर बसून बघितली.

मग तुझी वही बघितली. न विचारता बघितली, त्याचीही माफी मागतो. कोणतं बी कधी घातलं, कधी वर आलं, कोणतं कुजलं आणि का. मेलेल्यांच्याही तारखा. चाळीस वर्षं मी कांद्याचं बी धरतो आहे. तीन गावांतले लोक माझ्याकडून बी नेतात. मेलेल्या बियाची तारीख मी कधी लिहिली नाही. माझं बी मरत नाही, असं मी सांगत आलो. दौंडच्या उन्हात, क्षाराच्या पाण्यावर, डोंगरातलं झाड तू जगवलंस. हे काम माझ्याच्यानं झालं नसतं.

ताईबाईंनी एका लहान बाटलीतली पूड काढून कॉफी केली. पहिल्या तोडणीची तेवढीच होती. तव्यावर भाजून मिक्सरमधून काढलेली. मी घरात खुर्चीवर बसून ती प्यालो. बबनराव आणि मी पन्नास वर्षांचे ओळखीचे. तुमच्या घरात मी पहिल्यांदा बसलो.

"कशी हाय?"

"कडू."

"कडूच असती, आप्पा."

आता ज्यासाठी कागद घेतला ते लिहितो.

चार वर्षांपूर्वी, याच महिन्यात, तू चिकमगळूरहून आणलेल्या कॉफीच्या बियातलं साठ बी मला आणून दिलंस. म्हणालीस, "आप्पांनी लावलं तर गाव लावील." पाकिटावर लिहिलं होतं : सावलीत ठेवा. उन्हात घालू नका. आठ दिवसांत पेरा.

मी ते वाचलं. दोनदा वाचलं. आमच्याकडे ऊन दिल्याशिवाय कुठलंच बी डब्यात जात नाही. कांदा, बाजरी, हुलगा, सगळ्याला ऊन. मला वाटलं, ही कालची पोर मला बी राखायला शिकवते. चार दिवस गच्चीवर ऊन दिलं. मग राखेत घोळून डब्यात भरलं. पाडव्याला पेरलं. एकही उगवलं नाही.

त्याच वर्षी जूनमध्ये तू आमच्या गावच्या बचत गटाच्या बैठकीला आलीस. बायकांनी घरच्या सावलीत ही रोपं करावीत आणि पुण्याच्या नर्सऱ्यांना द्यावीत, असं तुझं म्हणणं होतं. गिताबाई गटाच्या अध्यक्ष. त्यांनी मला बोलावून घेतलं, कारण बियाचं काही असलं की मला विचारतात. मी दारात उभा राहून म्हणालो, "बी मेलेलंच हाय. रेल्वेच्या वस्तीत रूळ राखत्यात, गिताबाई, बी न्हाई."

बायका हसल्या. तू हसणं संपेपर्यंत थांबलीस.

"आप्पा, बी उन्हात ठेवलं होतं का?"

मी म्हणालो, "न्हाई."

तू "बरं" म्हणालीस आणि कागद आवरलेस. तो विषय गटात पुन्हा निघाला नाही.

घरी आल्यावर साळूबाई म्हणाली, "मंग गच्चीवर काय चिमण्यांनी वाळत घातलं व्हतं?" त्यानंतर साडेतीन वर्षं ती यावर एक शब्द बोलली नाही. त्या दिवसापासून ती बियाला हात लावत नाही. कांद्याचं बी मी एकटा वाळवतो.

आमच्या भावकीतल्या पोरीनं तसं बी आणून दिलं असतं, तर मी पाकिटावरचं ऐकलं असतं का? बैठकीत तसं बोललो असतो का? हे मी स्वतःला विचारलं. उत्तर इथे लिहीत नाही. ते तुला त्याच दिवशी कळलं होतं.

येत्या गुरुवारी गटाची बैठक आहे. मी गिताबाईंकडून वेळ मागून घेतली आहे. तेव्हा बोललो होतो तिथेच उभा राहून सांगणार आहे : बी जिवंत होतं. मी मारलं. मोनालीनं विचारलं तेव्हा खोटं बोललो. तू येऊ नकोस. तू समोर असलीस तर सगळ्या तुझ्याकडे बघतील. त्यांनी माझ्याकडे बघायला हवं.

नंतर गटानं तुला बोलावलं तर जायचं की नाही ते तू ठरव. मी मधे पडणार नाही. माझं म्हणणं एवढंच, की माझ्या शब्दानं तुझा शब्द पडला होता, तो मी उचलून जागेवर ठेवतो.

काल हे सगळं साळूबाईला सांगितलं. ती म्हणाली, "तिच्याकडं बी मागा. आन् ह्या वेळंला माझ्या हातात द्या म्हनावं." तिचा निरोप म्हणून लिहिला. मी मागत नाही.

ते पाकीट मी फेकलं नव्हतं. का ठेवलं, सांगता येत नाही. या पत्रासोबत परत पाठवणार होतो. पण पाठवत नाही. गुरुवारी ते बायकांना मोठ्यानं वाचून दाखवायचं आहे.

आशीर्वाद शेवटी लिहीन म्हणालो होतो. आज तो द्यायची माझी पायरी नाही.

वाचूनही उन्हात घालणारा,
हौसराव