उलट्या लवेचा तुकडा

आप्पा, परवा घरी एक पर्स आली आणि आई मला म्हणाली, "हे मांजर कुठनं आणलंस?" पर्स खरंच तशी दिसते. नकली फरची, राखाडी, पोटाशी पांढरी, खांद्याला अडकवायला पितळी रंगाची साखळी. मांडवगणकडच्या एका बाईने घरी बसून हाताने शिवलेली. ती फोनवर फोटो टाकून विकते आणि तिने हे नुकतंच सुरू केलंय. पर्स पोचल्याचं कळवलं तेव्हा तिचा मेसेज आला, "ताई, तुम्ही पयल्या गिऱ्हाईक. आवडली तर दोन ओळी लिवा. न्हाई आवडली तरी लिवा."

त्या शेवटच्या वाक्याने मला जेवण गोड लागेना. नुसतं कौतुक लिहिलं तर पुढची बाई फसणार. खोट काढली तर हिचं दुकान उघडायच्या आधीच बसणार, कारण पहिला शेरा माझाच आणि तो सगळ्यांना दिसणार. तुम्ही गेलात त्यानंतरचं म्हणून तुम्हाला हे ठाऊक नाही, पण मी आता रांजणगावला एका कारखान्यात क्वालिटीत आहे. दिवसभर पार्ट हातात घेऊन पास नाही तर रिजेक्ट म्हणते, आणि घरी आल्यावर मनात येतं, दुपारचा तो रिजेक्ट केलेला बरोबर तर नव्हता? पार्टला निदान मोजमाप असतं. फरला काय लावू?

मग तुमची आठवण झाली. केडगावच्या रस्त्याकडेचं, ट्रकची शिटं शिवायचं आपलं पत्र्याचं शेड, बाहेर उभे ट्रक, आत रेक्झिनचा वास आणि कोपऱ्यात लाल, पिवळ्या, वाघाच्या पट्ट्यांच्या फरचे ताके. मी शाळेत जायच्या आधी तुमच्याकडे शिकले. अक्षरं नंतर, कापड आधी. तुम्ही माझा तळहात फरवर ठेवायचात आणि म्हणायचात, "डोळं मीट. डोळं रंग बघून भुलत्यात. हात फिरव. गुळगुळीत लागलं तर लव सुलटी, टोचलं तर उलटी." एकदा तुमची नजर चुकवून मी वरून कात्री चालवली आणि फरचा भुगा उडून थेट एका ड्रायव्हरच्या चहात पडला. तो चहा तसाच प्यायला, पण तुम्ही माझ्यावर डाफरलात, "टक्कल पाडलंस की गं! आता शिटाला टोपी घालू का? केस कापायचं काम न्हाव्याचं. आपण मागनं दाढीचं बिलेट फिरवायचं, फकस्त कापड कापायचं." मग दोन तुकडे शिवले की शिवणीत अडकलेले केस सुईच्या टोकाने एकेक करून वर ओढायचे, इतके की जोड कुठे आहे ते शिवणाऱ्यालाही सापडू नये. ते काम माझं असायचं, आणि त्या कामाचा मला फार तोरा होता.

तर मी डोळे मिटून पर्सवरून हात फिरवला. बाईने मागून कापलंय, भुगा अजिबात पडत नाही. जोड सापडत नाहीत. अस्तराचा एक टाका सैल आहे. चेन ओढताना केस पकडते. आणि मागच्या बाजूला, जिथे बाहेरचा खिसा आहे, तिथे हात अडला. चार बोटं रुंद तुकडा, बाकी सगळी लव खाली जाते आणि याची वर. तुमच्या शिटांवरही खिशापाशी असाच एक तुकडा असायचा. मी तेव्हाही तो पाहिला होता.

लिहिण्याआधी तिला विचारावं म्हणून मी संध्याकाळी फोन केला.

"ताई, काय चुकलं का?" तिने हॅलोच्या आधी विचारलं.

मी चाचरत टाका सांगितला, चेन सांगितली, आणि मग तो उलटा तुकडा.

"टाका आन् चेन माझ्या पदरात घाला. पर तुकडा चुकला न्हाई ओ, लावलाय. तुम्ही कवा अंधारात हात घातला का तिथं?"

"अंधारात कशाला घालू?"

"मग आता घाला. दिवा बंद करा, मी हाय फोनवर."

मी दिवा बंद केला. आईने बाहेरून ओरडून विचारलं, "लाइट गेली का?" माझा हात मऊ फरवरून घसरत गेला, मग बोटांना टोचलं, हात थांबला आणि बोटांखाली खिशाचं तोंड होतं.

"घावला न्हवं?" ती हसली. "एका काखंत पोर, एका हातात पिशवी. किल्ली काढताना बघत बसायला येळ कुठाय? आमच्या दादांच्या उसाच्या ट्रकला असं शीट व्हतं. केडगावला कुणी शीटवाले व्हते, त्यांनी शिवलेलं. रस्त्यावरनं नजर न काढता दादांचा हात नेमका खिशातल्या कागदांवर जायचा. ट्रक कवाच गेला. शीट हाय अजून, आई त्याच्यावर बसून भाजी निवडती."

मी "हो का" एवढंच म्हणाले. तुमचं नाव सांगितलं असतं तर तिने दुसरी पर्स भेट म्हणून पाठवली असती, आणि मग माझे स्टार कुणाला खरे वाटले असते?

पाचातले चार दिले. लिहिलं, काम हाताला पटतं. अस्तराचा एक टाका आणि चेन सुधारावी. मागचा उलटा तुकडा दोष नाही, तो बघायचा नसतो, चाचपायचा असतो. तिने लगेच कळवलं, "चेन बदलते ताई." आईला सगळं सांगितलं तर ती डोळ्यात पाणी येईतो हसली. "मला तरी कुठं सांगितलं त्यांनी! आन् चारच का दिले गं? बापावरच गेलीस."

हा कागद घडी घालून मी पर्सच्या त्याच खिशात ठेवणार आहे. पण एक राहिलं. तुमच्या शिटांवरचा तो तुकडा बघून मला वाटायचं, आप्पांना सगळं येतं, एवढंच जमत नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी कधी बोलले नाही. ड्रायव्हर शीट बघायला आला की मी नेमकी तिथे हात ठेवून उभी राहायचे, त्याला दिसू नये म्हणून. इतकी वर्षं, आप्पा, मी तुम्हाला मोठ्या मनाने माफ करून बसले होते.