पोटासाठी बोललेला मलिदा

डिमोना, मंगळवार, १२ मार्च १९६३

पोट साफ होईना, त्यात शौचातून शेंबडासारखं काही पडायचं, म्हणून आमचे हे घाबरले होते. आतडं सडलं, असंच धरून बसले. डॉक्टर म्हणाले, ते आतड्याच्या अस्तरावरचं बुळबुळीत वंगण. साचलेला कोरडा मळ अस्तराला घासतो, की ते सुटतं. पाणी भरपूर प्या. म्हणजे तेल न लावलेल्या तव्यावरचं घावनच की.

बरं वाटलं, म्हणून आज नवसाचा मलिदा केला, देवापुढे गोड पोह्यांचं ताट ठेवून चार घरची माणसं बोलावली. पण त्यांना नवसाचं कारण काय सांगायचं? यांनी बजावलं होतं, बढती मिळाली म्हण. मी तोंड उघडणार, तोच सासूबाईंनी खरं ते सांगून टाकलं, अस्तरासकट. हे लालबुंद.

हसलं मात्र कुणीच नाही. मलिद्याचे गोड पोहे खाता खाता एकेक जण यांना कोपऱ्यात नेऊन हळूच विचारत होता, पाणी नेमकं किती प्यायचं.