पाऊण लिटर पाणी

बारामती, ४ मार्च २०२५

तीर्थरूप तात्यांना रोहिणीचा नमस्कार.

०.७५ ला ०.१५ ने भागलं की पाच येतात. भागल्यावर आकडा वाढतो कसा? रविवारी तुम्ही विचारलंत आणि मला सांगता आलं नाही. घरातली पहिली पदवीधर मी, शाळेत गणित शिकवते, पण टिंब सरकवण्यापलीकडे मलाही कुणी काही सांगितलं नव्हतं. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून लिहिते.

काल खोलीवर पाणी मोजून पाहिलं. डायलिसिसच्या डॉक्टरांनी तुम्हाला दिवसाला पाऊण लिटर सांगितलंय. तुमचा कप ०.१५ लिटरचा. पाऊण लिटरात तो किती वेळा भरेल, एवढंच भागाकार विचारतो. दोन्ही मापं मिलिलिटरमध्ये धरली : ७५० आणि १५०. टिंब गेलं, पाणी तेवढंच राहिलं. पाच वेळा! सोबत ०.०५ चा लहान कप पाठवते. त्याने पंधरा वेळा पिता येईल. आईला सतावू नका.

तुमच्या मायेची,
रोहिणी

नरसिंहपूर, ११ मार्च

चि. रोहिणीस आशीर्वाद.

मास्तरीणबाई, हिशेब पटला. आता पंधरा येळा तहान जागी हुती, एवढंच. तरी पायाची सूज उतरत न्हाय, आडवं झालं की धाप लागती. डॉक्टर म्हणले, सोपानराव, चोरून पिताय. मी चोर न्हाय, पोरी. दारातल्या रांजणावर देवाला जाणारी माणसं थांबत्यात. त्यांना पाणी द्यायचं आन आपण कोरडं बघायचं, असं आपल्या घरात कधी झालं न्हाय. म्हणून संगतीला घोटभर घेतो. ते पाहुण्याचं पाणी. आपल्या मापात कसं धरायचं? तुझी आई उगाच रडती. रजा मिळाली तर ये.

तुझा तात्या

नरसिंहपूर, १५ मार्च

तीर्थरूप तात्यांना नमस्कार.

इंदापूरहून डायलिसिस करून याल, तेव्हा मी परतीच्या एसटीत असेन. तुमच्या तोंडाकडे बघून हे सांगणं मला जमलं नसतं.

डॉक्टरांशी बोलले. छातीत पाणी साठतंय. असंच चाललं तर तुम्ही आम्हाला फार दिवस नाही, म्हणाले. तात्या, शरीराला पाहुण्याचं पाणी वेगळं ओळखता येत नाही हो. रागवा, पण माझ्याशी बोलणं टाकू नका.

तुमच्या आज्याने मांडलेला रांजण मी लिंबाच्या बुंध्याशी रिकामा केला आणि पालथा घातला. आई पदर तोंडाला लावून उभी होती. तेवढ्यात एक म्हातारी दारात आली, पाणी मागितलं. मी तिला पुढच्या घरी पाठवलं.

तुमचीच,
रोहिणी