गाडीतला फ्रीज

वडिवळे, ११ जून २०२४

चि. आदिनाथ यास, अ. आ. वि. वि.
फोनवर आपलं भांडण होतं, म्हणून पत्र. जुन्या मिनीबसमध्ये तू फिरतं घर थाटलंस, छान झालं. आता राहिलाय फ्रीज. बॅटरीवरचाच घे. शाळा सातवीपर्यंत झाली असली, तरी लोणावळ्यातल्या हॉटेलांचे फ्रीज चाळीस वर्षं उघडून दुरुस्त केलेत मी. तू म्हणतोस त्या गॅसवर चालणाऱ्या फ्रीजमागे ज्योत जळते. तिच्या धुराची वाट तुंबली की तो गाडीत शिरतो, आणि त्यातल्या विषारी वायूला वासही नसतो. सूनबाईचं इन्सुलिन ठेवायचंय, म्हणून जीव टांगणीला.
अपेक्षाला म्हणावं, नवरा हट्टी निघाला, पण वळण आमच्याच घरचं.
उत्तर लौकर धाड.
तुझा चुलता, भिमाजी

लोणावळा, १८ जून

ती. आबांस, शि. सा. न. वि. वि.
रागावू नका, गॅसवरचाच घेतला. आपल्याकडे पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन नाही. सोलरवर बॅटरी भरणार कशी? बंद पडला तर इन्सुलिन वाया. धुरासाठी गाडीच्या बाहेरच्या अंगाला जाळी ठेवलीय. अपेक्षा म्हणते, आबा फ्रीजचे डॉक्टर खरे, पण पेशंटचं ऐकत नाहीत. रविवारी पहिला मुक्काम तुमच्या अंगणात.
माया असू द्यावी.
आदिनाथ

लोणावळा, २६ जून

ती. आबांस, शि. सा. न. वि. वि.
अपेक्षाला काल दवाखान्यातून घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास गाडीत झोपली असती तर... पुढचं लिहवत नाही. मी कामशेतला गेलेलो. तुम्ही चहाला हाक मारायला गेलात म्हणून ती वाचली. तुमचंच खरं ठरलं, फ्रीजचा धूर गाडीत शिरला. जाळी मीच चुकीची बसवली असणार. सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत, आणि बरोबरच आहे. गाडी विकतोय.
आदिनाथ

वडिवळे, २८ जून

चि. आदिनाथ यास, अ. आ. वि. वि.
तीन कागद फाडून हा चौथा लिहितोय.
तुझी जाळी चांगली होती. तू गेलास आणि पाऊस तिरपा झोडपू लागला. पाणी आत जाईल, पोरीची झोप मोडेल, म्हणून गोठ्यावरचं निळं प्लास्टिक मी त्या अंगाला ताणून बांधलं. पावसाळ्यात उघडं दिसेल ते झाकायचं, हीच हातांची खोड. धुराची वाट तुला समजावणाऱ्यानंच ती बुजवली.
आधी तिला बाहेर काढलं. मग लोक जमायच्या आत प्लास्टिक सोडून गोठ्यात नेऊन टाकलं. तू माझे पाय धरलेस, तेव्हाही गप्प बसलो. चार माणसं म्हणत होती, भिमाजीला आधीच कळलं होतं. ते गोड लागलं रे मला.
हे पत्र अपेक्षाला आणि तिच्या आईला मोठ्यानं वाचून दाखव. कुठलीही ओळ गाळू नकोस. मी भेटायला यावं की नाही, ते तिनंच कळवावं. तोवर मी लोभ मागत नाही.
भिमाजी