वटवाघळाची भावकी

आष्टा, गुरुवार, फेब्रुवारी १९४७

माफी लिहून द्यायची नाही. आधी हे लिहून टाकते, म्हणजे उद्या कच खायला नको.

शाळेच्या आवारात मेलेलं वटवाघूळ सापडलं होतं. काल सातवीच्या मुलींना त्याचा पंख उलगडून दाखवला. दंडात एक हाड, पुढं दोन, त्यातलं एक काडीसारखं बारीक, मग मनगट आणि पाच बोटं. मुली आपापले हात चाचपू लागल्या. मी म्हटलं, फार फार पूर्वी यांचा नि आपला पूर्वज एकच होता.

आज एका मुलीचे वडील हेडमास्तरांकडे आले, आणि मला पंखासकट बोलावणं आलं. पलटणीतले हवालदार, एक हात अजून वाकडा. "बाई, आमची भावकी वटवाघळाशी जोडता व्हय?"

"व्हय, जोडते!" त्यांचंच 'व्हय' माझ्या तोंडी आलं. "लढाईत तुमचा हात मोडला होता ना? डॉक्टरांनी किती हाडं सांगितली?"

"कोपराच्या खाली दोन."

मी पंख पुढं केला. त्यांनी ती पाच बोटं मोजली, पुन्हा मोजली. "लय वंगाळ दिसतंय," म्हणाले आणि निघून गेले. पटलं का? कोण जाणे.

हेडमास्तरांनी कोरा कागद सरकवला. "माफी लिहा, नाहीतर नोकरीचं मी काही सांगू शकत नाही."

भीती वाटतेच. पण ती हाडं मी थोडीच बसवली? जे दिसलं ते सांगितलं.

त्याच कागदावर आत्ता लिहिलं, 'मी शिकवलं ते खरं आहे. हवं तर तुमच्यासमोर पुन्हा शिकवते.' खाली ठसठशीत सही केली.