नखांचा शिक्का

४ नोव्हेंबर, सोमवार
रात्री पुन्हा छातीत धडधड. डॉक्टर म्हणतात, गॅस आहे. असेल. टेकडीपलीकडे बिबट्या दिसला हे कळल्यापासून गॅस सुरू झाला, एवढं नोंदवून ठेवतो.
आमचं घर वसाहतीतलं शेवटचं. मागे नळ, नळाच्या ओट्याशी कायमचा चिखल, मग झुडपं, मग जंगल. नात दिवसभर त्या नळावर. तिचं टिटवी हे नाव मी ठेवलं, आवाजामुळे. मुलाला म्हटलं, कुंपण घाल. म्हणाला, बघतो बाबा. हा बघेपर्यंत टिटवीला नातवंडं होतील.
शेवटी ठरवलं. पोरांचा क्लास मीच घेणार. विषय: जंगली प्राणी आणि आपण. शिक्षण सातवीपर्यंतच, पण जीव वाचवायला पदवी लागत नाही.

५ नोव्हेंबर
बुटांच्या खोक्यांचे मुखवटे केले. कात्री बोटाला लागली. धनुर्वात होतो का ते पाहायचं आहे. सून म्हणाली, बाबा, सगळी मांजरं झालीत. मी सुनावलं, बिबट्या मांजराच्याच कुळातला.

७ नोव्हेंबर, गुरुवार
पहिलं नाटक. मी बिबट्या, पोरं माणसं. नियम: पळायचं नाही, वाकायचं नाही, पाठ दाखवायची नाही. हात वर करून मोठं व्हायचं, ओरडत मागे मागे सरकायचं. नियम वनरक्षकाने शाळेत येऊन सांगितलेले, मांडणी माझी.
रांगत गेलो, गुरगुरलो. टिटवी अशी काही किंचाळली की मीच मागे सरकलो. गुडघा सुजला. पुढच्या वेळी बिबट्या बसूनच येईल.

९ नोव्हेंबर
आज काहीतरी केलं! जुन्या चपलेच्या रबरातून बिबट्याच्या पंजाचा शिक्का कापला. उभा जन्म बुटांच्या कारखान्यात सोल कापण्यात गेला. ठसा कसा असतो हे मला कोणी शिकवू नये. तळवा, चार बोटं, प्रत्येक बोटापुढे टोकदार नख. नखांवर विशेष मेहनत घेतली. बिबट्याला नखं असतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.
मी चिखलात ठसे मारायचे, पोरांनी शोधून मोठ्या माणसाला सांगायचं. आधी सांगेल त्याला पेपरमिंट.

१० नोव्हेंबर, रविवार
दणक्यात यश. पोरांनी सगळे ठसे शोधले. शेजारच्या शिंप्यानेही एक शोधला आणि बादली टाकून धूम ठोकली. मागून ओरडलो, अरे, माझा आहे! वसाहत हसून बेजार. शिंपी म्हणाला, काका, शर्ट शिवायला टाकाच एकदा, बाह्या पाठीला लावून देतो. त्याचा कुत्रा भुऱ्या ठशावर लोळून गेला. कलेची कदर नाही.

१३ नोव्हेंबर
पेपरमिंट संपल्या. पोरं आता ठसा दिसला तरी सांगायला येत नाहीत. आजोबांचाच, म्हणतात आणि त्या खळग्यात गोट्या खेळतात. म्हणजे भीती गेली. भीती घालवणं हाच क्लासचा हेतू. आधी लिहायचा राहिला होता.

१५ नोव्हेंबर, सकाळ
सून नळावरून आली. म्हणाली, बाबा, ओट्याजवळचे ठसे तुमचेच ना? काय हुबेहूब जमलेत!
मी म्हणालो, माझेच.
काल मी शिक्का बाहेर काढलाच नव्हता. पण लग्न होऊन आल्यापासून तिने माझं केलेलं हे पहिलं कौतुक. मोडवेना.
जाऊन पाहिले. काम सुबक. माझ्यापेक्षा थोडं मोठं. नखं उमटलेली नाहीत, म्हणजे रबर झिजलं. कुणीतरी पोराने शिक्का पळवून मारले असणार.
कपाट उघडून पाहिलं. शिक्का जागेवर, नखं शाबूत. कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या गळ्यात. हल्लीची पोरं फार हुशार.

१६ नोव्हेंबर
भुऱ्या कालपासून दिसत नाही. शिंपी गल्लीभर हाका मारत फिरतो आहे. कुत्री जातात इकडेतिकडे.
मुलगा म्हणाला, बाबा, वनखात्याला फोन करू का? मी म्हणालो, माझे ठसे दाखवून हसं करून घ्यायचंय का? त्याने फोन खिशात टाकला.
उद्या सुनेला खरं सांगायचं. नक्की.

१७ नोव्हेंबर, रविवार
सांगायला गेलो. ती भाजी निवडत होती, चेहरा त्रासिक. अशा वेळी बोलू नये. उद्या.
टिटवीला म्हटलं, घरातच खेळ. म्हणाली, का? आजोबा, बिबट्या तर तुम्हीच आहात.
धडधड. आज गॅस नव्हता.

१८ नोव्हेंबर, संध्याकाळ
दिवे लागायच्या वेळी टिटवी बाहुली धुवायला नळावर गेली. मी टॉर्च घेऊन मागोमाग. झुडपांवर टॉर्च मारला. आतून दोन डोळे चमकले. जमिनीपासून फार उंच नव्हते. हलले नाहीत.
मी पळालो. पाठ दाखवली, वाकलो, तोंडातून आवाज फुटला नाही. बाथरूममध्ये शिरून कडी घातली. कडी घातल्यावर आठवलं, टिटवी बाहेर आहे.
कडीवर हात होता. हात कडी काढीना.
मग तिची किंचाळी आली. नाटकातलीच. थांबली नाही. आवाज हळूहळू मागे मागे सरकत आला. अंगणातून. पायरीवरून. घरात. दार आपटलं.
म्हणाली, आजोबा, या बाहेर. गेला तो.
नंतर आईच्या मांडीवर बसून सांगत होती, आधी मला आजोबाच वाटले. पण याचे गुडघे दुखत नव्हते.

१९ नोव्हेंबर
वनरक्षक आला. ओट्यापाशी उकिडवा बसला. म्हणाला, रोज येतोय हा पाण्यावर. कळवलं का नाही कुणी? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.
त्याने शिक्का मागितला. उलटसुलट करून पाहिला. म्हणाला, काका, बिबट्या चालताना नखं आत घेतो, मांजरासारखीच. नखं उमटतात ती कुत्र्याची. तुम्ही इतके दिवस इथे कुत्रा फिरवत होता.
शिंपी उठून गेला.
सून टिटवीचा हात धरून आत गेली. मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार
मुलाने एका दिवसात कुंपण घातलं. पिंजरा लावलाय, अजून रिकामा. क्लास आता टिटवी घेते, आमच्या पुढच्या खोलीत. बिबट्या तीच. मला शेळी केलंय. काम फारसं नाही, बसून राहायचं. अंधार पडल्यावर मला बाहेर सोडत नाहीत.
आज सकाळी कुंपणाच्या आत नवा ठसा होता. बिननखांचा. सगळे जाऊन पाहून आले.
माझा आहे का, असं कुणीही विचारलं नाही.